लिंबू नको, डॉक्टर पाहिजे

पोरगं तीन आठवडे खाटेवरून उठत नाही. जेवण नाही, झोप नाही, कामाचे खाडे. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं. दोस्त म्हणतात सालं नाटक करतंय. आणि आपण चळवळवाले? आपण तर जास्तच हलकट. म्हणतो, लढणाऱ्याला कसलं आलंय डिप्रेशन!

काय भो, गोदीत पोतं पडून माझा पाय मोडला तर प्लॅस्टर घालता ना? मग डोकं आजारी पडलं की लिंबू कशापायी?

जळगाव-धुळ्याची माणसं कर्ज काढून भगताकडे जातात, नाहीतर बुलढाण्याकडे सैलानीला. बाई असली तर सातपुड्याच्या अंगाला तिला थेट डाकीण ठरवतात. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ अशाच एका खाजगी आश्रमाला आग लागली. साखळदंडात ठेवलेली 28 माणसं मेली. भूत उतरवायला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 पासून गुन्हा आहे. त्या कायद्याआधी दाभोलकरांचं रक्त सांडलं.

आपले शिकलेले भगताला हसतात आणि आजारी पोराला दहा दिवस इगतपुरीला धाडतात. विपश्यना करा, कोण नको म्हणतो? पण खुद्द विपश्यनावालेच सांगतात, ही साधना मानसोपचाराला पर्याय नाही. बुद्धाचं नाव घेऊन गोळ्या बंद करणारा आमच्या लेखी भगतच.

आता डॉक्टरसाहेबांनाही विचारू. डॉ. पायल तडवी आमच्या जळगावची, आदिवासी. मुंबईच्या नायरमध्ये शिकत होती. 22 मे 2019 ला गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, खटला उभा राहिला. तिला दुबळी म्हणणाऱ्यांनी तोंड आवरावं. त्याच वर्षी तिची आई आबेदा आणि रोहित वेमुलाची आई राधिका दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या. दुःख नुसतं मेंदूत नसतं, ते वर्गात, वॉर्डात, पगाराच्या खिडकीवर पेरलं जातं. जात न विचारता नुसती चिठ्ठी लिहिणारा अर्धाच डॉक्टर. तरी गोळी लागते तेव्हा घ्यायचीच. गुण यायला दोन-चार आठवडे जातात, मधेच सोडायची नाही.

सरकारची जुनी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. खानदेशाच्या वाट्याला एस.टी.चं तिकीट! 2017 च्या कायद्यानं सरकारी मानसोपचार हा हक्क झालाय. मग धुळ्याच्या हिरे मेडिकलपासून शहाद्याच्या, यावलच्या पाड्यापर्यंत डॉक्टर आणि औषध का पोचू नये? तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन विचारा, घेराव घाला.

गोव्यात ‘संगत’ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवलं. त्यांनी नैराश्याच्या रुग्णाशी सहा ते आठ बैठका बोलायचं, त्याला हळूहळू कामाला, माणसांत आणायचं. गुण आला, 2017 ला लॅन्सेटमध्ये छापूनही आलं. हा खरा पर्याय. आपल्या वस्तीतली दोन पोरं हे शिकू शकत नाहीत? पथनाट्याच्या तालमीला रात्र रात्र मिळते की.

तोवर 14416 वर फोन लावा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून. आणि जो मरायचं बोलतो त्याला रात्री एकटं झोपू देऊ नका.