नदीचे आत्मवृत्त राहू द्या, मुलांना क्युसेक शिकवा



पावसाळा सुरू झाला की निबंधाच्या वहीत एक विषय हमखास येतो, 'नदीचे आत्मवृत्त'. ती डोंगराच्या कुशीत जन्मते, खळखळ वाहते, काठावरची शेतं हिरवीगार करते आणि शेवटच्या परिच्छेदात प्रदूषणामुळे रडते. गाईडमध्ये तसंच असतं, मुलं तसंच उतरवतात, आपणही दहापैकी आठ गुण देऊन मोकळे होतो. पुण्यात गंमत अशी, की हे लिहिणाऱ्या कितीतरी मुलांची घरं मुठेपासून चालत दहा मिनिटांवर असतात. वहीतल्या नदीला मात्र नावच नसतं.

माझं मत सांगते. प्राथमिकच्या मुलांना नदी शिकवायची तर ती पूल आणि धरण यांच्यापासून शिकवावी. कारण आपल्या मुलांचा नदीशी संबंध तेवढाच उरलाय. ती नदीत पोहत नाहीत, पाणी भरायला जात नाहीत, होडीत बसत नाहीत. पण रोज पुलावरून जातात आणि नळाला येणारं धरणाचं पाणी पितात.

पुलांच्या नावांपासून सुरुवात करा, तास कसा संपतो कळत नाही. लकडी पूल दगडी का? 1761 साली, पानिपतानंतरच्या काळात, तिथे खरंच लाकडाचा पूल बांधला होता. लाकूड गेलं, नाव राहिलं. कागदोपत्री तो छत्रपती संभाजी पूल आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा! नवा पूल कधीचा? 1923 चा, म्हणजे शंभरी ओलांडलेला. इंग्रजांच्या काळी गव्हर्नरच्या नावावरून तो लॉइड ब्रिज होता, आता छत्रपती शिवाजी पूल. 'नवा' शब्दावर मुलं इतकी हसतात, की 1923 हे साल पाठ करून घ्यावं लागत नाही.

मग फळ्यावर एक लांब रेघ ओढायची. एका टोकाला खडकवासला, दुसऱ्या टोकाला संगम. मध्ये राजाराम पूल, म्हात्रे पूल, लकडी पूल, भिडे पूल, नवा पूल, डेंगळे पूल. प्रत्येकानं आपलं घर कुठल्या दोन पुलांच्या मध्ये येतं ते दाखवायचं. मुलांना सोसायटीचं नाव माहीत असतं, वस्तीचं नाव माहीत असतं, पण आपण नदीच्या वरच्या अंगाला राहतो की खालच्या, हे कधी कुणी विचारलेलंच नसतं.

खडकवासल्याच्या वर आणखी तीन धरणं काढा. पानशेत आंबी नदीवर, वरसगाव मोसी नदीवर, टेमघर मुठेवर. चारही मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी मावतं आणि वरच्या तिन्ही धरणांतून सोडलेलं पाणी खडकवासल्यातच येतं. खडकवासला चारांत लहान धरणांपैकी, म्हणून पावसाळ्यात लवकर भरतं आणि मग नदीत पाणी सोडावंच लागतं. एवढं कळलं, की 'आपल्याकडे पाऊस थांबला तरी नदी का वाढते?' या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

आता मुख्य मुद्दा. "खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." दर पावसाळ्यात हे वाक्य टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर येतं. किती मोठ्या माणसांना त्याचा अर्थ कळतो? पालकसभेत विचारून पाहा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लीटर पाणी. चौथीच्या मुलाला गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी माहीत असते. 1,000 क्युसेक म्हणजे दर सेकंदाला अशा 28 टाक्या. 25 जुलै 2024 च्या पहाटे विसर्ग 35,000 क्युसेकच्या आसपास गेला होता. मुलांना गुणाकार करू द्या. दहा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर, दर सेकंदाला! वर्ग एकदम गप्प होतो.

त्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. लोकांना बाहेर काढायला अग्निशमन दलाच्या होड्या आल्या, लष्कर आलं. कोकणातल्या मुलांना होडी म्हणजे तर, खाडी ओलांडून पलीकडे जायचं साधन. आपल्या पुण्याच्या मुलांनी होडी पाहिली ती इमारतींच्या मधल्या रस्त्यावर.

काही सहकारी म्हणतात, एवढं कशाला, मुलं घाबरतील. माझं म्हणणं उलट आहे. नदीकाठच्या वस्तीतलं मूल आधीच घाबरलेलं असतं. रात्री आई-वडील सामान माळ्यावर चढवतात ते त्यानं पाहिलेलं असतं. त्याच्या भीतीला आकडा दिला, तर 'भिडे पूल पाण्याखाली गेला' ही बातमी त्याच्यासाठी मोबाईलवरचा व्हिडिओ न राहता खूण होते. भिडे पूल मुळातच ठेंगणा बांधलेला, त्यामुळे विसर्ग वाढला की तो बुडतो. पुण्यात दुचाकी घेऊन तो बघायला जाण्याची प्रथाच आहे (आणि पाठीमागच्या सीटवर मुलं बसलेली असतात, हे पालकांना उद्देशून).

बघ्यांच्या गर्दीवरून कुंडमळा आठवतोच. 15 जून 2025, रविवार. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला, चार जण गेले. पूल धोकादायक आहे हे माहीत होतं, तसा फलकही होता. आपण मुलांना फलक वाचायला शिकवतो. फलक वाचून मागे फिरायचं असतं, हे कोण शिकवणार?

दुसरा आक्षेप 'अभ्यासक्रमात नाही'. परिसर अभ्यासात पाणी आहे, नकाशा आहे, आपत्ती आहे. गणितात गुणाकार आहे, धारकता आहे. मराठीत मुलाखत आहे. आणखी काय हवं? मुलाखतीसाठी तर पेठांमधल्या आजी-आजोबांची पिढी अजून आहे. त्यांच्या बोलण्यात 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशीच कालगणना असते. 12 जुलै 1961 ला पानशेतचं नवं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. पुढे शहरात चिखल आणि नळाला पाणी नाही, कारण पाणी साठवणारं धरणच उरलं नव्हतं. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरीच्या पुढे आहे. पाणी कुठपर्यंत आलं होतं, घरातलं काय वाचलं, पाणी कुठून भरलं, हे तिला नातवंडांनी आत्ता विचारलं नाही तर कधी विचारणार?

नदीच्या दोन रेषाही सांगा. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथे मात्र जपून. निळ्या रेषेच्या आत राहणारं मूल वर्गात असेल तर "तुमचं घर तिथे का?" असा प्रश्न वर्गात येऊ देऊ नका. घर कुठे घ्यायचं हे त्यानं ठरवलेलं नाही, आणि बऱ्याचदा त्याच्या आई-बाबांनीही परवडेल तिथेच घेतलेलं असतं. त्याला विचारायचं ते एवढंच, की पाणी वाढलं तर कुठल्या रस्त्यानं वर जायचं आणि वाटेत पूल ओलांडावा लागतो का.

जुलैमध्ये फळ्याच्या कोपऱ्यात सुविचाराच्या खाली रोज दोन आकडे लिहून बघा, खडकवासल्याचा साठा किती टक्के आणि विसर्ग किती क्युसेक. आकडे आणायचं काम मुलांकडे द्या. आणि सहामाहीला 'नदीचे आत्मवृत्त' द्यायचंच असेल, तर प्रश्नात नदीचं नाव छापा.