काचघर राहिलं, शाळा गेली

माझा एक वर्गमित्र अमेरिकेत टॅकोमाला राहतो. वॉशिंग्टन राज्यातलं हे शहर सिएटलच्या खाली, समुद्राकाठी आहे. गेल्या आठवड्यात त्याने तिथल्या राईट पार्क या सार्वजनिक बागेचे फोटो पाठवले. बागेत सेमूर काचघर आहे, १९०८ सालचं. पुढे शहराचे महापौर झालेल्या सेमूर यांनी दिलेल्या दहा हजार डॉलरमधून ते उभं राहिलं. बारा बाजूंचा घुमट, तीन हजारांहून जास्त काचा, आत ऑर्किड आणि पाम. सोबत त्याचा नेहमीचा टोमणा: "शंभर वर्षं झाली, तरी कसं ठेवलंय बघ. आपल्याकडे असतं तर?"

खरंच छान ठेवलंय. पण फोटो बघून त्या शहराबद्दल वाचत बसलो आणि आणखी एका इमारतीशी येऊन अडलो. काचघरापासून ती पायी अर्ध्या तासाच्या आत होती. तिचा आजचा फोटो मित्र पाठवूच शकत नाही, कारण २००४ मध्ये ती पाडली.

ती जपानी भाषेची शाळा होती. १९११ ला सुरू झाली, १९२२ ला स्वतःच्या लाकडी इमारतीत गेली. छोटी हॉटेलं, लॉन्ड्री, दुकानं चालवणाऱ्या जपानी कुटुंबांची मुलं दिवसभर सरकारी शाळेत इंग्रजी शिकायची आणि ती सुटली की इथे येऊन जपानी शिकायची. घर बौद्ध असो की ख्रिस्ती, शाळा सगळ्यांची एकच.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मुख्याध्यापक मासातो यामासाकी यांना अटक झाली. १९४३ मध्ये ते छावणीतच वारले. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेलं गेलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. टॅकोमातल्या कुटुंबांची नोंदणी कुठे झाली? याच शाळेत. जिथे बाराखडी गिरवली तिथेच घर सोडण्याची नोंद करायची. मे महिन्यात ते आगगाडीत बसले. त्यांतले बहुतेक युद्धानंतरही त्या शहरात परतले नाहीत.

पुढे शाळेची इमारत विद्यापीठाकडे आली. मोडकळीला आलीय, दुरुस्ती परवडत नाही, असं म्हणत ती पाडली. आता गंमत बघा. याच विद्यापीठाने शेजारची जुनी गोदामं दुरुस्त करून त्यांत वर्ग भरवले आणि त्याचं सगळीकडे कौतुक झालं. म्हणजे गोदाम वाचतं, काचेचं घर वाचतं, शाळा तेवढी वाचत नाही. पैशाची अडचण खोटी नसेल. पण पैसा कुठे आधी घालायचा हे कोणीतरी ठरवतंच ना? बागेसाठी भांडणारी माणसं गावात होती. शाळेसाठी भांडणाऱ्यांना १९४२ लाच गाडीत बसवलं होतं.

विद्यापीठाला न्यायही द्यायला हवा. नंतर त्यांनी शाळेच्या आठवणीसाठी आवारात शिल्प उभारलं. तिथल्याच दोन प्राध्यापिकांनी म्हाताऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन पुस्तक केलं. चांगलंच झालं. पण ज्या जिन्यावरून मुलं धावली आणि ज्या दारातून नोंदणीला आत गेली, तो जिना आणि ते दार शिल्पात कसं येणार?

मित्राला हे सगळं लिहून पाठवलं. बराच वेळ उत्तर नाही. मग म्हणाला, "अरे, माझी पोरगी दर रविवारी मराठी शाळेत जाते." तीही तशीच शाळा. आईबापांनी चालवलेली, आजीशी बोलता यावं म्हणून. उद्या कोणाला तिथे 'परक्यांचा अड्डा' दिसला तर?

आणि आपण काही वेगळे आहोत अशा भ्रमात राहू नका. १९६२ च्या चीन युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग, कलकत्ता इथल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना आपण राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं. (वर्ध्याची देवळी नव्हे.) त्यांतले कितीतरी इथेच जन्मलेले होते. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. आपल्या सरकारने अजून माफी मागितलेली नाही. शाळेच्या पुस्तकात मी तरी हे कधी वाचलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बागा जरूर जपा, काचघरही जपा. त्यांच्याकडे बघून कोणाची मान खाली जात नाही, म्हणून ते सोपं असतं. जिच्याकडे बघून मान खाली जाते ती इमारत आधी जपायला हवी. कारण ती पडली की काही वर्षांनी 'असं काही घडलंच नव्हतं' म्हणणारे उभे राहतात.

तुमच्या गावात गेलेल्या माणसांची शाळा, वाडा, प्रार्थनास्थळ, दुकानाची पाटी उरली असेल, तर पुढच्या रस्तारुंदीकरणाच्या आत तिचा फोटो काढा. तिथे कोण राहायचं, ते का गेले, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. इथे टाकलंत तर मीही वाचेन.