आधी आजीची सोय

फराळाचे डबे तळाला लागले की शहरातल्या मंडळींच्या पायांना भिंगरी लागते, आणि लिंबागणेशला आमच्या घरातला फोन वाजू लागतो. कुणाला आमच्या गणपतीचे दर्शन घेऊन पुढे अंबाजोगाई आणि परळी करायची असते. कुणाचा मुलगा जर्मनीत असतो आणि त्याच्याकडे जाताना तो देशही पाहून घ्यायचा असतो. मी सासूबाईंना घेऊन धाकट्या दिरांकडे जर्मनीला पंधरा दिवस जाऊन आल्यापासून नात्यागोत्यात माझी गणना जाणत्यांत होऊ लागली आहे! तेव्हा प्रश्न दोन्ही प्रवासांसाठी मलाच विचारला जातो : "वहिनी, मुक्काम कोठे करावा?"

माझे उत्तर दोन्ही वेळा सारखेच असते. "बरोबर कोण कोण आहे?"

यावर आमच्या घरची चेष्टा ठरलेली. "हिला 'कोठे' विचारावे, तर ही 'कोण' विचारते!" पण वाचकहो, मुक्कामाचे सारे शास्त्र या 'कोण'मध्येच आहे. खोली निवडताना आपण बहुधा खिशाकडे पाहतो किंवा छायाचित्राकडे पाहतो. माझे मत असे की, बरोबरच्या माणसांत ज्याची अडचण सर्वांत मोठी, त्याच्याकडे आधी पाहावे. धडधाकट माणूस कोठेही पाठ टेकतो. गुडघे धरलेल्या आजीला तसे करता येत नाही. ती रात्रभर जागी राहिली, तर दुसरे दिवशी पाचही जणांचे दर्शन घाईत आटोपते आणि वाचवलेले चारशे रुपये कुणालाच आठवत नाहीत.

आधी आमच्या मुलखाचे सांगते. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव. गणपतीवरूनच गावाचे नाव पडले. चतुर्थीला गर्दी असते, एरवी दर्शन निवांत होते. शहरच्या कुटुंबाने येथे दर्शन घ्यावे आणि मुक्काम बीडला किंवा अंबाजोगाईला करावा. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. ही गाडी पाहण्यासाठी कित्येक म्हातारी माणसे जन्मभर थांबली होती. तरीही आमच्याकडचा खरा प्रवास अजून लाल गाडीचा आणि मोटारीचाच आहे.

शहरच्या मुलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. आमच्याकडे 'हॉटेल' म्हणजे चहा-भजी मिळण्याचे ठिकाण. झोपायला मिळते तो 'लॉज'. देवस्थानाचे असते ते 'भक्तनिवास'. 'धर्मशाळा' हा शब्द आता नव्या पाट्यांवर कमी दिसतो, आणि निजामी अमलातला 'मुसाफिरखाना' तर केवळ म्हाताऱ्यांच्या तोंडी उरला आहे.

लॉज की भक्तनिवास, हा वाद आमच्या पाहुण्यांत नेहमी रंगतो. लॉजमध्ये कोणत्याही वेळी जाता येते, एकट्या माणसालाही खोली मिळण्याची शक्यता अधिक, आणि मोटार दाराशी उभी राहते. परंतु धुळे-सोलापूर हा मोठा रस्ता बीडवरून जातो, म्हणून मालमोटारींचा आवाज सोसत नसेल त्याने मागच्या बाजूची खोली मागून घ्यावी. भक्तनिवास देवळाजवळ असते, पहाटेची पूजा चुकत नाही, आणि दर माफक असतो. मात्र ओळखपत्र सर्वांचे लागते, पुष्कळ ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, आणि उत्सवात जागा मिळणे दैवाधीन. परळीला श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळावी. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा उत्सव मार्गशीर्षात असतो. ही कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी, त्यामुळे पुण्या-मुंबईचीच मंडळी तेथे भेटतात आणि खोल्याही त्यांनीच आधी भरलेल्या असतात!

ठिकाण कोणतेही असो, फोनवर पाच गोष्टी विचाराव्यात. खोली कितव्या मजल्यावर आणि उद्वाहन चालू आहे का? संडास बैठा की खुर्चीचा? पाणी दिवसभर असते का? (आमचा जिल्हा अवर्षणाचा. उन्हाळ्यात हा प्रश्न पहिला विचारावा.) गरम पाणी किती वाजेपर्यंत? आणि दिवस कसा मोजता, आल्यापासून चोवीस तास की दुपारी बारापर्यंत? या शेवटच्या प्रश्नावर एका दिवसाचे भाडे वाचते. खोलीत गेल्यावर बायकांनी पहिल्यांदा आतली कडी लावून पाहावी. पडदे मागाहून पाहिले तरी चालतात.

आता जर्मनी. तेथे नावे निराळी, परंतु रीत हीच लागू पडते. हॉटेलचे भाडे खोलीमागे, वसतिगृहाचे माणसामागे आणि सुटीच्या बिऱ्हाडाचे सबंध घरामागे. बिऱ्हाडाच्या भाड्यावर अखेरच्या साफसफाईचे पैसे बहुधा निराळे पडतात. एकच रात्र काढायची असेल तर हा खर्च अंगावर येतो, आठवडाभर राहिल्यास तो विरघळून जातो. एकटा विद्यार्थी असेल तर वसतिगृह. एका रात्रीसाठी स्थानकाजवळचे हॉटेल. चार-पाच माणसे चार-पाच रात्री राहणार असतील तर बिऱ्हाड. हा झाला हिशेब. आता त्यात आजीला बसवून पाहा.

कोलोनला स्थानकातून बाहेर पडले की समोरच ते जगप्रसिद्ध कॅथीड्रल उभे. तेथे आम्ही जवळचे हॉटेल घेतले, कारण सासूबाईंना सामानासह चालवायचे नव्हते. जर्मनीत हॉटेलच्या नावापुढे 'गार्नी' असे लिहिलेले असेल तर तेथे फक्त न्याहारी मिळते, रात्रीच्या जेवणाची वाट पाहत बसू नये. 'पेन्सिओन' अशी पाटी दिसली तर ते निवृत्तिवेतनाचे कार्यालय समजू नये. ते घरगुती पाहुणघर असते. मालकीण बहुधा त्याच घरात राहते, आणि तिला सासूबाईंचे नऊवारी फार आवडले.

ऱ्हाईन नदीकाठी बाखाराख नावाचे एक चिमुकले गाव आहे. वर टेकडीवर श्टालेक नावाचा किल्ला, आणि किल्ल्यात चक्क युवा वसतिगृह. माझा मुलगा किल्ल्यावर राहण्यासाठी हटून बसला. पण वर जायला चढ, आणि आत एकावर एक पलंग. मग मी कुटुंबाची फाळणी केली. मुलगा आणि त्याचे काका वर किल्ल्यात, आम्ही सासू-सुना खाली पेन्सिओनमध्ये. सकाळी सर्वजण नदीवर भेटलो. सर्वांनी एकाच छपराखाली झोपले पाहिजे असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. मात्र एवढे सांगायला हवे की, 'युवा' हे केवळ नाव आहे. या वसतिगृहांत वडीलधारी माणसे आणि सबंध कुटुंबेही राहतात. सभासदत्वाचे कार्ड मात्र काढावे लागते.

पुढचा आठवडा बव्हेरियातल्या एका खेड्यात बिऱ्हाड केले. चूल हाताशी आली आणि सासूबाई माणसांत आल्या. वरण, भात, वर लिंबू. परंतु घर घेण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घेतल्या होत्या : जिने किती, आणि न्हाणीघरात न्हाण्यासाठी टबाचा उंच काठ ओलांडावा लागतो का? जुन्या घरांना उद्वाहन नसते, आणि टबाच्या त्या काठावर पाय घसरून म्हातारी माणसे पडतात. शिवाय तेथे रविवारी दुकाने बंद, म्हणून दूध-तांदूळ शनिवारीच आणावे. रात्री दहानंतर मिक्सर लावू नये. कचरा कागद, काच, ओला असा निरनिराळा टाकावा. फोडणी देताना खिडकी उघडावी, नाहीतर छतावरचे धुराचे यंत्र केकाटते. आणि घरचा एक लहान तांब्या बरोबर न्यावा. का, ते वडीलधाऱ्यांना समजले असेलच.

हे वसतिगृह सुरू झाले त्याची हकीगत दिरांनी मला सांगितली, आणि ती मला किल्ल्याहूनही आवडली. रिखार्ड शिर्मान नावाचा एक शाळामास्तर होता. ऑगस्ट १९०९ मध्ये तो मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळात सापडला. एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला. बाके बाजूला सारून जमिनीवर पेंढा अंथरला आणि मुले झोपली. मास्तर मात्र जागाच राहिला. त्याच्या मनात आले की, सुटीत गावोगावच्या शाळा ओस पडलेल्या असतात, तेथे मुलांचा मुक्काम का होऊ नये? पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात त्याने कायमचे वसतिगृह उभे केले, आणि तेथून ही चळवळ जगभर पसरली. त्याने विचार केला तो खानावळीचे पैसे देऊ न शकणाऱ्या मुलांचा.

आमच्याकडे हाच विचार गाडगेबाबांनी केला. पंढरपूरला वारकरी लाखांनी जात, परंतु ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांना वाड्यांची दारे बंद असत. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. स्वतः झोपडीत राहिले आणि धर्मशाळा गावोगाव उभ्या केल्या. हीच पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना तेथे आसरा मिळतो. आमच्या भागातल्या कित्येकांनी मुंबई पाहिली ती अशाच धर्मशाळेच्या खिडकीतून. प्रवास सगळ्यांचाच काही हौसेचा नसतो.

हे लिहिताना आमच्या वाटेवरून चाललेला दुसरा एक प्रवास डोळ्यांआड करता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास तुम्ही आमच्याकडे येता, तेव्हा आमच्याकडची माणसे निघालेली असतात. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता, भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, कोंबड्या आणि लेकरे असे सारे बिऱ्हाड ट्रॅक्टरवर किंवा बैलगाडीवर घालून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेथे त्यांचा मुक्काम कोपीत. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद टाकून केलेले खोपटे. तिला आतली कडी नसते, कारण दारच नसते. कितवा मजला, गरम पाणी किती वाजेपर्यंत, हे माझे पाचही प्रश्न तेथे मुके होतात.

या बिऱ्हाडात अडचण सर्वांत मोठी कुणाची? शाळेतल्या पोराची. आई-बापांबरोबर गेले तर सहा महिने शाळा बुडते, आणि मुलगी असेल तर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळता सांभाळता ती शाळा कायमचीच सुटते. मागे ठेवावे तर खाऊ कोण घालणार? म्हणून गावातच हंगामी वसतिगृहे चालवतात. शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवण मिळते आणि पोर गावात राहते. २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली : ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे. योजना चांगली. कोणते वसतिगृह केव्हा उघडते, तेथे ताट वेळेवर वाढले जाते का, आणि मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का, यावर तिचे मोल ठरायचे. माझे पाच प्रश्न तेथे जाऊन विचारावेत असे मला फार वाटते.

आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत दिवाळीनंतर दोनच माणसे उरतात : म्हातारी आजी आणि तिच्या नातवंडांपैकी शाळेत जाणारे एखादे. दिवसा शाळा, संध्याकाळी वसतिगृहाचे ताट, आणि रात्री झोपायला आजीची कूस. शहरातल्या प्रवासात आपण आजीची सोय पाहतो. येथे आजीच सर्वांची सोय झालेली असते, आणि तिचे गुडघेही तुमच्या-आमच्या आजीसारखेच दुखत असतात.

तेव्हा मांजरसुंब्याहून पुढे येताना समोर बिऱ्हाडाने लादलेला ट्रॅक्टर लागला, तर भोंगा वाजवू नका. गाडी सावकाश घ्या. देवाचे दार काही बंद होत नाही.