धावपट्टी आहे, मुक्कामी विमान कुठे?

सोलापूर विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. तेथून नियमित विमानसेवा सुरू होण्यास मात्र ९ जून २०२५ उजाडावे लागले. त्या दिवशी गोव्यातील ‘फ्लाय९१’ या कंपनीने सोलापूर आणि मोपा ही दोन ठिकाणे जोडली. इमारत उभी राहणे आणि विमान येणे यांत आठ महिन्यांहून अधिक अंतर पडले. गोव्याच्या सीमेलगतच्या सिंधुदुर्गाची कथा याच्या उलट, पण बोध तोच. चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी अलायन्स एअरचे मुंबईचे विमान उतरले. ‘उडान’ योजनेतील तीन वर्षांची मुदत सरताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ही सेवा बंद पडली. धावपट्टी जागेवरच राहिली. विमान तेवढे गेले.

विमानतळाची चर्चा आपल्याकडे बहुधा भूसंपादन, खर्च, नामकरण आणि उद्घाटन याच क्रमाने होते. विमानकंपनीचा हिशेब निराळ्या प्रश्नापासून सुरू होतो: आपल्याकडे विमाने किती आणि त्यांतील प्रत्येकाचा दिवस कसा भरायचा? ग्रामीण भागात ‘मुक्कामी एसटी’चे जे महत्त्व, तेच येथे मुक्कामी विमानाचे. ज्या गावी गाडी रात्री थांबते, त्या गावाला पहाटेची पहिली फेरी हमखास मिळते. ज्या विमानतळावर विमान रात्री उभे राहते, तेथील प्रवासी सकाळी महानगर गाठून सायंकाळी परतू शकतो. इतर ठिकाणांच्या वाट्याला दुपारची उरलेली वेळ येते. ती पर्यटकाला चालते. परंतु मुंबईत रुग्णालयाची वेळ घेतलेल्या मालवणच्या माणसाला तिचा उपयोग बेताचाच.

प्रादेशिक मार्गांवर प्रामुख्याने वापरले जाणारे विमान म्हणजे एटीआर ७२-६००. साधारण सत्तर आसनांच्या या पंख्याच्या विमानाला सुमारे १,३०० मीटरची धावपट्टी पुरते. चिपीची धावपट्टी २,५०० मीटरची आहे, म्हणजे तेथे १८० आसनांचे एअरबसही उतरू शकते. अडचण मागणीची आहे. रोज १८० प्रवासी मिळतील असा भरवसा नसेल, तर मोठे विमान त्या मार्गावर आणणे कंपनीला परवडत नाही. छोटे विमान कमी इंधनात चालते खरे, पण त्याचा खर्चही कमी आसनांवर विभागला जातो. विमान भाडेपट्ट्याचे असेल तर भाडे बहुतेकदा डॉलरमध्ये द्यावे लागते आणि ते विमान उभे असतानाही चुकत नाही. म्हणून दिवसभरात अधिकाधिक फेऱ्या साधणे, हाच कंपनीचा जगण्याचा मार्ग ठरतो. सकाळच्या पहिल्या फेरीला तासाचा उशीर झाला, की तो पुढच्या प्रत्येक गावाच्या वेळापत्रकात उतरतो.

छोट्या ताफ्यात हा धोका अनेक पटींनी वाढतो. ‘फ्लाय९१’ने मार्च २०२४ मध्ये दोन एटीआर विमानांनिशी व्यावसायिक उड्डाणे सुरू केली. मोपा हा तिचा मुख्य तळ; सुरुवातीच्या मार्गांतच सिंधुदुर्ग होता, पुढे जळगाव, पुणे, सोलापूर जोडले गेले. गोव्यासारख्या लहान राज्यात स्थानिक कंपनी उभी राहणे ही अभिमानाची बाब आहेच. मात्र दोन विमानांच्या ताफ्यातील एक दुरुस्तीला गेले, तर निम्मे वेळापत्रक कोलमडते. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. इंजिनांच्या तुटवड्याचे कारण देत गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणे थांबवली. इंडिगोचीही सत्तरहून अधिक विमाने एका टप्प्यावर इंजिनांअभावी जमिनीवर होती. फरक इतकाच, की मोठी कंपनी तुटवडा पडताच कमी फायद्याचे मार्ग आधी सोडते, तर छोट्या कंपनीकडे सोडण्याजोगे मार्गच थोडे असतात. दोन्ही वेळा फटका बसतो तो लहान गावालाच.

‘उडान’चा हेतू हीच जोखीम वाटून घेण्याचा होता. कमी दराच्या आसनांमागील तूट तीन वर्षे सरकार भरून देते, त्यात राज्याचा वाटा बहुतांश ठिकाणी २० टक्के असतो आणि त्या काळात मार्गावर कंपनीची मक्तेदारीही राहते. तीन वर्षांत प्रवासी तयार होतील, असे गृहीत होते. ‘कॅग’च्या २०२३ च्या अहवालाने त्याचा ताळेबंद मांडला. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांतील ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही टिकलेले मार्ग होते अवघे ५४. चिपीचे जे झाले तो अपवाद नव्हता.

चिपीपुढे आणखी एक पेच आहे, तो मोपाचा. जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झालेला मोपा बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या लोकांना सोयीचा आहे आणि तेथे महानगरांची अनेक उड्डाणे मिळतात. मोठ्या विमानतळाच्या छायेत असे अनेक प्रदेश येतात. मध्य प्रदेशच्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर, मोहगाव हा मराठीभाषक पट्टा विमानासाठी राज्याची सीमा ओलांडून नागपूरकडेच पाहतो. तेथे नागपूरची वाट सुकर ठेवणे पुरेसे आहे. वेगळ्या विमानतळाची मागणी व्यवहार्य ठरणार नाही. परंतु कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्यासाठी विमानतळ आधीच बांधून तयार आहे. तो ओस ठेवणे म्हणजे झालेला खर्च पाण्यात घालणे होय.

मग करायचे काय? अनुदान तीन वर्षांनी एका दिवसात तोडण्याऐवजी प्रवासीसंख्या पाहून टप्प्याटप्प्याने कमी करता येईल. सोलापूर–मुंबई मार्गासाठी महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून तूट भरून देण्याचा निर्णय घेतला. असा आधार देताना फेऱ्यांच्या नियमिततेची अट घालायला हवी. मुंबईत उतरण्याच्या वेळा दुर्मीळ आहेत, आणि सत्तर आसनांचे विमानही धावपट्टीवर मोठ्या विमानाइतकीच एक वेळ अडवते. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतूक सुरू झाली असल्याने तेथील सकाळ-सायंकाळच्या काही वेळा प्रादेशिक मार्गांसाठी राखून ठेवता येतील.

गोव्याचाही यात स्वार्थ आहे. मोपावर मुक्कामाला असलेली एटीआर विमाने सोलापूर, जळगावसारख्या, रेल्वेने थेट न जोडलेल्या किंवा वेळखाऊ ठरणाऱ्या शहरांना गोव्याच्या जवळ आणतात. हे मार्ग टिकवायचे, तर नव्या मार्गाची घोषणा होताच लोकप्रतिनिधींनी कंपनीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत: विमान रात्री कुठे थांबणार, ते बिघडले तर दुसरे कोठून येणार, आणि अनुदान संपल्यावर चौथ्या वर्षी काय? फीत कापण्याची तारीख त्यानंतर ठरवावी.