दप्तर उघडें आहे, वाचणारा कोठें आहे?

एके काळीं गांवचें दप्तर कुळकर्ण्याच्या घरीं असे. सारा किती भरला, जमीन कोणाच्या नांवें चढली, हें तो सांगेल तेंच खरें. अक्षरशत्रु शेतकरी अंगठा उठवी व मुकाट्यानें घरीं जाई. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो ही नागवणूक जगापुढें मांडण्यासाठीं. पुढें मुकुंदराव पाटलांनीं तरवडीसारख्या खेड्यांतून 'दीनमित्र' चालविला. परंतु सरकारी कागद मागण्याचा हक्क त्या काळीं रयतेस नव्हता.

आज तो आहे. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपयांच्या अर्जावर कागद मागतां येतो; दारिद्र्यरेषेखालील घरास तेही लागत नाहींत. कशासाठीं पाहिजे, हें सांगावें लागत नाहीं. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास अपील करतां येतें. इतकेंच नव्हे, तर सरकारी कामाची पाहणी करून मालाचा नमुना घेण्याचा हक्कही त्याच कायद्यांत आहे. सिमेंट किती व रेती किती, हें आमच्या गवंडी बंधूंहून अधिक कोणास कळणार?

अर्ज न करतांही पुष्कळ कांहीं मोबाईलवर दिसतें. सातबारा महाभूलेखावर आहे. ग्रामपंचायतीचा आराखडा व खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आहे. शासन निर्णय मराठींत मिळतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यांत धान हेंच पोटाचें साधन. २०२५-२६ च्या हंगामास साध्या धानाचा हमीभाव क्विंटलास २,३६९ रुपये ठरला. हा आंकडा घरांत ठाऊक असेल तर केंद्रावरची पावती तपासतां येते. ठाऊक नसेल तर ती पावती म्हणजे पुन्हा कुळकर्ण्याची वहीच!

मात्र संकेतस्थळावर लिहिलें म्हणजे खरें झालें, असें नाहीं. तेथें नाली 'पूर्ण' असेल. जाऊन टेप लावा. कागद, जागा व माणूस या तिन्हींची गांठ पडेल तेव्हांच बातमी होते. ज्याच्यावर आरोप, त्याचेंही म्हणणें घ्यावें. पी. साईनाथ यांनीं देशांतील अतिगरीब जिल्हे पायाखालीं घालून जें लिहिलें, त्याचें वजन यामुळेंच. त्यांनीं २०१४ सालीं सुरू केलेला 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह मराठींतही फुकट वाचतां येतो. मोबाईलवर आलेली अफवा पुढें ढकलणें ही पत्रकारी नव्हे, ती चुगली होय.

आतां कडू गोष्ट. पूर्वीं दप्तरवाला परका होता. आज सरपंच आपला, सोसायटीचा अध्यक्ष आपला, पुष्कळदां नात्यांतलाच. "आपल्याच माणसाचें दप्तर कां उघडावें?" असें आमचे लोक म्हणतात. मी विचारतों, कुळकर्ण्याचा हिशेब मागणें हा सत्यशोधकाचा धर्म, आणि मामाचा मागणें हा घरभेद काय? जिचें घरकुल कोणी गिळलें त्या विधवेस, गिळणारा आपल्या जातीचा होता याचें कांहीं सुख नसतें.

आणि उशीर नको. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं म्हणून २०२३ सालीं जो कायदा झाला, त्यानें माहितीच्या कायद्याचें आठवें कलम बदललें. 'खासगी माहिती' म्हणून कागद नाकारण्याची वाट रुंद झाली. सार्वजनिक हिताच्या नांवानें मागण्याची वाट अजून शिल्लक आहे. न वापरलेला हक्क न वापरलेल्या विळ्यासारखा गंजतो.

म्हणून माझें मागणें एवढेंच: प्रत्येक गांवांत शाळा शिकलेल्या चार मुलामुलींनीं एकत्र बसावें, आपल्या पंचायतीचा वर्षाचा खर्च उतरून काढावा, कामें पाहून यावीं, आणि येत्या ग्रामसभेंत तो मोठ्यानें वाचावा. कोणास शिवी देऊं नये, फक्त आंकडा वाचावा. मुलांस वाचावयास शिकविलें तें आणखी कशासाठीं?

— एक खेड्यांतला शिक्षक