इंजिन बसलेली स्पोर्ट्स कार : दुरुस्त करावी की विकावी?

गाडीचे इंजिन बसले की मालकाला दोन सल्लागार लगेच भेटतात. एक म्हणतो, "भाऊ, इंजिन खोलून टाका, गाडी नवी होऊन जाईल." दुसरा म्हणतो, "मिळतील ते पैसे घ्या आणि मोकळे व्हा." पहिल्याला काम हवे असते, दुसऱ्याला गाडी. दोघांचाही सल्ला खोटा असेलच असे नाही, पण दोघांचाही हिशेब मालकाचा नसतो. मालकाने आपला हिशेब आपणच मांडायचा असतो, आणि तो कसा मांडावा याविषयी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांशी दोन शब्द बोलावेत म्हणून हा लेख.

कोणी म्हणेल, गोंदियात स्पोर्ट्स कारचा प्रश्न कुठून आला? पण आला आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत नसली तरी जुनी घेता येते. मुंबई, पुणे, दिल्लीहून सात-आठ वर्षे वापरलेली वेगवान गाडी नव्या साध्या गाडीच्या किमतीत मिळते. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिलेला बंदीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. राइस मिल, किराणा, कापड किंवा हार्डवेअरच्या धंद्यातील तरुण मुलाला अशी गाडी भुरळ घालते. गाडी स्वस्त मिळते, पण तिचे इंजिन स्वस्त होत नाही. इंजिनाची किंमत नव्या गाडीच्या हिशेबानेच राहते. सगळ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

आधी रोग ओळखा

"इंजिन गेले" हे निदान नव्हे. इंजिन कशाने गेले, ते आधी कळले पाहिजे. आमच्या भागात ठळक कारणे चार. पहिले, चेंबर फुटणे. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते. गावोगावचे उंच गतिरोधक आणि पावसाळ्यानंतर उखडलेल्या रस्त्यावरचा दगड तिच्या ऑइल चेंबरला लागतो, ऑइल गळते, आणि दिवा लागला तरी चालक "घरापर्यंत जाऊ" म्हणून गाडी रेटतो. बेअरिंग जळते आणि क्रँक खरवडला जातो. दुसरे, गरम होणे. पाणी कमी झाले, पंखा बंद पडला, तर हेड वाकते, गॅसकेट जाते. तिसरे, टायमिंग बेल्ट तुटणे. अशा बहुतेक इंजिनांत पिस्टन वॉल्व्हवर आदळून वॉल्व्ह वाकतात. चौथे, पाणी शिरणे. पाणी दाबले जात नाही, म्हणून बुडालेल्या गाडीला सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

या चारही रोगांचा खर्च सारखा नाही. गॅसकेट आणि हेडचे काम असेल तर ते मर्यादेत राहते. क्रँक खरवडला असेल, ब्लॉकला चीर असेल, तर तेच काम इंजिनाच्या किमतीपर्यंत जाते. म्हणून काहीही खोलण्याआधी मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, चेंबर उतरवून ऑइलमध्ये धातूचा कीस आहे का ते बघावे, आणि स्पार्क प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टन व सिलिंडर पाहून घ्यावेत. या तपासणीचे पैसे मिस्त्रीला रोख द्यावेत. फुकट तपासणारा मिस्त्री तपासणीचे पैसे दुरुस्तीतून काढतो, हा जगाचा नियम आहे. आणि तपासणी होईपर्यंत पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बघू नये. हजारांचे काम लाखावर जाते ते त्या सेल्फने.

तीन किमती कागदावर लिहा

निदान झाले की कागद घ्यावा आणि तीन आकडे लिहावेत. पहिला, चालू स्थितीत अशी गाडी आज बाजारात कितीला जाते. दुसरा, बंद स्थितीत आहे तशी कितीला जाते. तिसरा, दुरुस्तीचा पूर्ण खर्च. गाडी घेताना किती मोजले आणि मागच्या वर्षी टायरला व रंगाला किती लागले, हे या कागदावर येता कामा नये. ते पैसे गेले. व्यापाऱ्याला हे सांगावे लागू नये, कारण भाव पडल्यावर खरेदीच्या किमतीकडे बघत माल धरून बसणाऱ्याचे काय होते, ते आपण धानाच्या बाजारात दरवर्षी पाहतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. गाडी चालू असती तर ५ लाख. बंद स्थितीत १ लाख ७५ हजार. म्हणजे दुरुस्तीने वाढणारी किंमत ३ लाख २५ हजार. दुरुस्तीचा अंदाज २ लाख २५ हजार. वरवर पाहता एक लाखाचा फायदा. पण नागपूरपर्यंत गाडी उचलून नेणे-आणणे १५ हजार धरा. इंजिन खोलल्यावर नवीन काहीतरी निघतेच, त्यासाठी अंदाजाच्या २० टक्के, म्हणजे ४५ हजार धरा. खर्च २ लाख ८५ हजार झाला आणि फायदा ४० हजारांवर आला. आता गिऱ्हाईक विचारेल, "इंजिन खोललेले आहे का?" खरे सांगितले की तो ३०-४० हजार कापणारच. फायदा उरला शून्य, आणि दुकानाचे पावणेतीन लाखांहून अधिक भांडवल दोन महिने गॅरेजमध्ये अडकले ते वेगळेच. अशा हिशेबात गाडी आहे तशी विकणे हेच शहाणपण.

आता दुसरी गाडी घ्या. मालवाहू छोटा टेम्पो. चालू किंमत ३ लाख, बंद दीड लाख, इंजिनाचे काम ७० हजार. येथे किमतीतच ८० हजारांची वाढ आहे, सुटे भाग गावात मिळतात, आणि गाडी रस्त्यावर आली की दुसऱ्या दिवसापासून भाडे कमावते. ती दुरुस्तच केली पाहिजे. दोन्ही गाड्यांचे इंजिनच बसलेले आहे, पण उत्तर वेगळे आहे. कमावणाऱ्या गाडीचा आणि मिरवणाऱ्या गाडीचा हिशेब एका वहीत मांडू नये.

विमा कंपन्यांचा एक जुना दंडक येथे उपयोगी पडतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की त्या गाडी पूर्ण गेली असे समजतात. ज्यांचा धंदाच जोखमीचा आहे त्यांनी ही रेघ ओढली आहे. घरच्या मालकाने तर ती आणखी अलीकडे, निम्म्यावर ओढावी असे आमचे मत आहे. मात्र विम्यावर सगळी भिस्त ठेवू नये. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत आपोआप झालेला यांत्रिक बिघाड बसत नाही. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारून झालेले इंजिनाचे नुकसान 'इंजिन संरक्षण'ची वेगळी जोड घेतली नसेल तर बहुधा नाकारले जाते.

सुटा भाग मिळतो का, हा खरा प्रश्न

स्पोर्ट्स कारचा हिशेब अडतो तो सुट्या भागांपाशी. आपल्याच राज्यात औरंगाबादजवळ शेंद्र्याला कारखाना असलेल्या स्कोडा कंपनीने २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस ही १.८ लिटर टर्बो पेट्रोलची गाडी आणली. अशा गाडीच्या मागे मोठी कंपनी असते, तेच इंजिन तिच्या इतर गाड्यांतही असते, म्हणून शोधले तर भाग मिळतात. मुंबईचे डिझायनर दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती २०१२ च्या दिल्लीच्या मोटार प्रदर्शनात आली तेव्हा देशी स्पोर्ट्स कार म्हणून तिचे मोठे कौतुक झाले. तिचे इंजिन रेनॉ कंपनीचे होते. आज ती गाडी बनत नाही. थोड्या संख्येने बनलेल्या आणि बंद झालेल्या गाडीचा एक सेन्सर मिळवायलाही महिने जातात. घेतानाच हे पाहिले पाहिजे, आणि घेऊन बसलो असू तर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तरी पाहिले पाहिजे.

मुंबईत कुर्ल्याला किंवा दिल्लीत मायापुरीला जुने इंजिन मिळते, नव्याच्या मानाने स्वस्तही मिळते. हा मार्ग वाईट नाही, पण इंजिनावर नंबर असतो. बिल नसलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर मालकाबरोबर ते बसवणारा मिस्त्रीही चौकीत जातो. म्हणून बिल घ्यावे, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्यावा, आणि बदललेल्या इंजिनाची नोंद परिवहन कार्यालयात आर.सी.वर करून घ्यावी. नोंद नसेल तर पुढे विक्री अडते आणि विम्याच्या दाव्याला फाटा फुटतो.

ऐब सांगून विका

विकायचे ठरले की तिसरा सल्लागार येतो. तो म्हणतो, "जाड ऑइल टाका, आवाज दबेल, चार दिवस चालेल, तेवढ्यात गाडी काढून टाका." आमच्या बाजारात ही गोष्ट होत नाही असे कोणी म्हणू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, आणि ओला माल वर का ठेवला नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. धानाच्या जिल्ह्यात त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. जाड ऑइल म्हणजे ओल्या धानावर टाकलेला कोरडा थर होय. मालातील ऐब लपवला तर गिऱ्हाइकाला माल परत करण्याचा हक्क आपल्या फिक्हनेही दिला आहे आणि देशाच्या कायद्यानेही फसवणुकीचा सौदा मोडता येतो.

व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. ऐब सांगून विकलेली गाडी भांडण घेऊन परत येत नाही. विक्रीच्या कागदावर स्पष्ट लिहावे की गाडी बंद स्थितीत आहे, इंजिनात अमुक दोष आहे, आणि तपासणीचा अहवाल खरेदीदाराला दाखवला आहे. त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. अहवाल हाती असला की भावही बरा येतो, कारण न पाहिलेल्या दोषाची भीती खरेदीदार किमतीतून वसूल करतो.

हाच धडा उलट्या बाजूने खरेदीदारालाही लागू आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या पुसून-पासून आजूबाजूच्या जिल्ह्यांत विकायला निघतात. फारच स्वस्त सौदा दिसला तर सीटखालचा गंज, पट्ट्याच्या मुळाशी चिकटलेला गाळ आणि विम्याचा इतिहास बघितल्याशिवाय बयाणा देऊ नये.

कागद आणि कर

बंद गाडी भंगाराच्या भावात दिली म्हणून आर.सी. नावावर तशीच सोडून देणे हा महागात पडणारा आळस आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. खरेदीदाराने ते इंजिन जिवंत केले, रस्त्यावर अपघात केला, तर भरपाईची नोटीस नोंदणीतील मालकाला येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. गाडी भंगारातच जात असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्राकडे द्यावी. तेथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खाजगी गाडीच्या मोटार करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे.

गाडी दुकानाच्या नावावर असेल तर आणखी एक गोष्ट. जानेवारी २०२५ पासून जीएसटी नोंदणी असलेल्याने जुनी गाडी विकली तर नफ्याच्या फरकावर १८ टक्के कर आहे. घसारा घेतला असेल तर विक्री किंमत आणि घसारा वजा जाऊन उरलेली किंमत यांतील फरक धरतात. फरक उणे असेल तर कर नाही. बंद इंजिनाच्या गाडीत तो बहुधा उणेच निघतो, पण वहीत तसे दाखवता आले पाहिजे. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या गाड्यांवरील कर उतरला, तसे जुन्या गाड्यांचे भावही खाली आले. मागच्या वर्षीच्या भावावर दुरुस्तीचा हिशेब मांडू नये.

कारागिरांसाठी

शेवटी आमच्या मिस्त्री बांधवांना एक विनंती. टर्बो, सेन्सर आणि संगणकाच्या इंजिनाला साध्या गाडीचा हात लावून चालत नाही. ज्या इंजिनाचे टॉर्कचे आकडे आणि स्कॅनर आपल्याकडे नाहीत, ते काम "होऊन जाईल" म्हणून घेऊ नये. नाही म्हणणाऱ्या उस्तादाकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, बिघडवणाऱ्याकडे येत नाही. काम घेतले तर अंदाज लेखी द्यावा, काढलेले जुने भाग मालकाला परत द्यावेत, आणि खर्च ठरल्यापेक्षा वाढत असेल तर हात थांबवून आधी विचारावे. ज्यांची मुले या धंद्यात येत आहेत त्यांनी त्यांना आय.टी.आय.मध्ये आणि स्कॅनरच्या कामात तयार करावे. आज नागपूरला जाणारे काम उद्या गोंदियात राहील.

आणि मालकांना इतकेच सांगतो. दुरुस्तीसाठी दुकानाचे भांडवल उपसावे लागत असेल, व्याजाने पैसा काढावा लागत असेल, किंवा दुकानातल्या कारागिराची मजुरी थकत असेल, तर कागदावरचे तिन्ही आकडे बाजूला ठेवा. त्या गाडीचा निर्णय झालेला आहे. ती विका, ऐब सांगून विका, आणि आलेला पैसा मालात घाला.