लुई कान यांची तीन मुलं

17 मार्च 1974. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात अहमदाबादहून परतणारे 73 वर्षांचे एक गृहस्थ हृदयविकाराने गेले. पासपोर्टवरचा घरचा पत्ता खोडलेला होता, म्हणून प्रेत काही दिवस शवागारात तसंच पडून राहिलं. ते होते विख्यात वास्तुरचनाकार लुई कान. न्यूयॉर्क टाइम्सच्या मृत्युलेखात पत्नी आणि एका मुलीचा उल्लेख होता. मुलं होती तीन, आणि तिघांच्या आया वेगवेगळ्या: सू अ‍ॅन, अलेक्झांड्रा आणि नथॅनिएल.

नथॅनिएल तेव्हा 11 वर्षांचा. वडील यायचे, जेवायचे आणि मग आई हॅरिएट पॅटिसन मुलाला गाडीत घेऊन त्यांना त्यांच्या दुसऱ्या घरी सोडून यायची. मोठेपणी त्याने ‘माय आर्किटेक्ट’ (2003) हा माहितीपट केला आणि वडिलांना शोधायला त्यांच्या इमारतींकडे गेला. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या मोकळ्या दगडी चौकात तो चाकांचे बूट घालून एकटाच गिरक्या घेतो. बापाने बांधलेल्या जागेत मूल खेळतंय. फक्त तीसेक वर्षं उशीर झाला आहे.

कलावंत मोठा, म्हणून घरच्यांनी सांभाळून घ्यावं, असं आपल्याकडेही सर्रास म्हणतात. हे म्हणणं खोटं आहे. कान यांनी आखलेलं ढाक्याचं संसद भवन कितीही भव्य असलं, तरी बाप घरी का राहिला नाही, याचं उत्तर ते देत नाही. त्यासाठी पत्रंच लागतात.

ती जपली कोणी? कान यांच्यामागे कर्जाचा डोंगर होता. त्यांची रेखाटनं आणि नकाशे पेन्सिल्व्हेनिया राज्याने विकत घेऊन वाचवले. पत्रं मात्र वाचवली अलेक्झांड्रा आणि नथॅनिएल यांच्या आयांनी. कान यांच्या सहकारी वास्तुरचनाकार अ‍ॅन टिंग दिवस राहिल्यावर, 1953 मध्ये, फिलाडेल्फिया सोडून रोमला गेल्या. अलेक्झांड्रा तिथेच जन्मली. कान यांनी तिकडे पाठवलेली पत्रं टिंग यांनी 1997 मध्ये पुस्तकरूपाने छापली. त्यांत प्रेम, ऑफिसमधली कामं आणि पैशांची ओढाताण एकमेकांत मिसळलेली आहे. टिंग यांनी सोबत आपल्या कामाचा हिशेबही मांडला. हॅरिएट यांनी आपल्याला आलेली पत्रं 2020 मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांच्या वाट्याला त्या माणसाची अनुपस्थिती आली, त्यांनीच त्याचा शब्द न् शब्द सांभाळला. अशा कागदांना ‘घरातली लफडी’ म्हणून काडी लावणं हा त्या बायकांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरला असता.

पण पत्रांतही सगळं सापडत नाही. बापलेकाने मिळून एक लहानसं पुस्तक केलं होतं, चित्रविचित्र बोटींचं. माहितीपटात ते दिसतं, आणि कान यांनी खरोखर आखलेली, संगीताच्या मैफलींसाठीची बोटही दिसते. तिचा मालक, वाद्यवृंद चालवणारा, आधी त्रयस्थासारखा बोलतो. समोरचा तरुण लुईचा मुलगा आहे हे कळताच त्याला भरून येतं. ज्या नात्याला कागदोपत्री जागा नव्हती, ते एका अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर उमटतं. आणि तरीही नथॅनिएल भाबडा होत नाही. लुई आपल्याकडे कायमचे राहायला येणार होते, म्हणून त्यांनी पत्ता खोडला, असं आई माहितीपटात ठामपणे सांगते. मुलाला ते पुरतं पटत नाही. बापाला समजून घेणं आणि माफ करणं या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या, म्हणूनच त्याचा शोध विश्वास ठेवण्याजोगा वाटतो.

परदेशातून आठ-दहा दिवसांच्या रजेवर येऊन आईवडिलांचं घर रिकामं करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दुरावलेल्या बापाची पत्रं, वह्या, अर्धवट चित्रं रद्दीत घालण्याचा निर्णय निदान त्या घाईत घेऊ नये. राग खरा असतो, पण पुढे प्रश्न पडतात तेव्हा रद्दीवाल्याकडून काहीच परत मिळत नाही.

वडिलांच्या मागे राहिलेलं जपण्याची ही धडपड कान यांच्या मुलांनीही केली. अहमदाबादच्या आयआयएमने 2020 च्या डिसेंबरमध्ये कान यांनी आखलेल्या 18 वसतिगृहांपैकी 14 पाडायचं ठरवलं, तेव्हा ती वाचवा म्हणून संस्थेला पत्र गेलं. त्यावर सू अ‍ॅन, अलेक्झांड्रा आणि नथॅनिएल या तिघांचीही नावं होती.